आमच्या जीपचे ब्रेक

बी. ए. द्वितीय वर्ष

वार्षिकांकाची सूचना फलकावर लागली की आमच्या वर्गात दोन प्रकारचे लेखक जागे होतात. एक पावसावर लिहिणारे आणि दुसरे आईवर लिहिणारे. पाऊस आमच्या भागात भरपूर पडतो आणि आई प्रत्येकाला असतेच, त्यामुळे विषयांची टंचाई कधी पडत नाही. यंदा मी मोटारीच्या ब्रेकवर लिहिणार आहे असे एका मैत्रिणीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, तो विषय आयटीआयवाल्यांचा!" असेलही. पण गेले सहा महिने आमच्या घरात पाऊस आणि आई या दोघांपेक्षा ब्रेक हाच विषय जास्त बोलला गेला. आणि घरात जे बोलले जाते तेच मला लिहिता येते.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून मी आधी शब्द शोधला. 'ब्रेक'ला आपल्या बोलण्यात दुसरा शब्दच नाही. 'गतिरोधक' म्हणावे, तर तो शब्द सरकारने रस्त्यावरच्या उंचवट्याला देऊन टाकला आहे. आजीला विचारले, "बैलगाडीला ब्रेक होता का?" ती म्हणाली, "बैल होते ना!" उतारावर बैल मान ताठ करून मागे रेटा देत आणि गाडी धरून ठेवत. म्हणजे पूर्वी ओढणाराच थांबवणाराही होता. पुढे इंजिन आले, ओढण्याचे काम त्याच्याकडे गेले, आणि थांबवण्याचे काम माणसाच्या पायावर येऊन पडले.

आमच्या घरी तो पाय बाबांचा.

बाबा चौथीपर्यंत शिकले. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या जीपवर क्लीनर म्हणून लागले. मागच्या पायदानावर उभे राहून 'आमगाव, आमगाव' असे ओरडत त्यांची मिशी फुटली. पुढे ते ड्रायव्हर झाले आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे २०११ साली, त्यांनी स्वतःची एक जुनी कमांडर जीप घेतली. गाडी १९९८ सालची. माझ्यापेक्षा वयाने मोठी. आता ते कांदे, बटाटे आणि लसूण ठोक भावाने आणतात आणि आजूबाजूच्या आठवडी बाजारांत विकतात. माझी महाविद्यालयाची फी, बसचा पास, पुस्तके हे सारे त्या जीपमधूनच उतरले आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे आमच्याकडे 'गाडी बंद पडली' आणि 'शिक्षण बंद पडले' या दोन वाक्यांत फारसे अंतर नाही.

इतिहास हा माझा दुसरा विषय. म्हणून या जीपचे कूळही थोडे पाहिले. अमेरिकन सैन्यासाठी दुसऱ्या महायुद्धात घडवलेली विलीज जीप ही हिची पणजी. स्वातंत्र्याच्या सुमारास ती मुंबईत महिंद्र कंपनीने जुळवायला घेतली. ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या नावातून मोहम्मद गेले. मोठमोठ्या ग्रंथांतून फाळणी जितकी कळली नव्हती, तितकी मला या एका पाटीवरून कळली. असो. सांगायचा मुद्दा असा की ती पणजी सुमारे एक टन वजनाची होती आणि तिच्यात चार शिपाई बसत. आमची जीप दोन बाकांवर आणि त्यांच्या मधल्या जागेत पोती घेऊन निघते तेव्हा सहज दोन टनांची होते. इंजिन डिझेलचे झाले, अंग लांब झाले, पाठ मोठी झाली; ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच राहिले आणि त्यांच्यामागे मदतीला काहीच नव्हते. पायाचे बळ तेवढेच बळ.

सालेकसा ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेला आमचा तालुका. हावडा-मुंबई रेल्वे येथून जाते. सालेकसानंतर दरेकसा, तेथे डोंगर, बोगदा आणि जवळच हाजरा फॉल. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे कोया पुनेमच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून गोंड समाजाचे लोक येतात, आणि नवरात्रात आमच्याकडचे लोक डोंगरगडला बम्लेश्वरीला जातात. रस्ता जंगलातला, चढउताराचा. पावसाळ्यात ठिकठिकाणी नाल्यांवरचे रपटे पाण्याखाली जातात.

या रस्त्यावर बाबा ब्रेकवर कधी चाललेच नाहीत. ते गिअरवर चालले. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा त्यांचा धर्म. उताराच्या तोंडाशीच दुसरा गिअर टाकून ते पाय बाजूला घेत आणि इंजिन गुरगुरत गाडीला मागे धरून ठेवी, आजीच्या बैलांसारखेच. रपट्याच्या पाण्यातून गाडी काढली की पुढची शंभर पावले ब्रेक हलका दाबून चालवत, कारण ड्रमच्या आत पाणी शिरले की पट्टे नुसते घसरतात. घासून ते वाळवावे लागतात. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आमच्या गल्लीतली नवी मुले गाडी घेतली की आधी आवाजाचे डबे बसवतात, मग रंगीत दिवे, मग पाच सुरांचा भोंगा. ब्रेकवर खर्च केलेला कोणी पाहिला नाही. ब्रेक दिसत नाही ना! काही जण तर डिझेल वाचवायचे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिनच बंद करतात. बाबा अशांच्या गाडीत बसत नाहीत, पायी येतात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर दरेकसाकडून परत येत होते. बाजार चांगला झाला नव्हता, त्यामुळे पोती तशीच भरलेली. एका वळणाच्या पुढे उतारावर चरून परतणारी गुरे रस्त्यात होती आणि त्यांच्यामागे काठी घेतलेला एक लहान मुलगा. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती, वेगही फार नव्हता. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण थांबेना. तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला आणि तळहाताने स्वतःच्याच गुडघ्यावर जोर देऊन पाय खाली रेटला. गाडी डावीकडे ओढ खात, किंचाळत, शेवटच्या गायीपासून दोन हातांवर थांबली. मुलाने आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. तो हुर्र करत पुढे गेला.

बाबा म्हणाले, "लायनर ओले झाले वाट्टे."

त्या दिवशी पाऊस नव्हता. आम्ही कोणताही रपटा ओलांडला नव्हता. मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर मी पाहू लागले तेव्हा पुष्कळ गोष्टी दिसल्या. ओट्यावर चढताना ते उजव्या गुडघ्याला हात लावून चढत होते. खाली बसून जेवायचे, ते आता भिंतीशी स्टूल घेऊन बसत होते. आईला विचारले तर ती म्हणाली, "दीड वर्ष झालं. तेल लावून देतो रात्री. तुले सांगू नको म्हनले." चाळीस वर्षे क्लच आणि ब्रेक दाबलेले पाय होते ते. पण आमच्या भागात ड्रायव्हरचा पाय दुखतो ही बातमी बाहेर गेली, तर गावातले लोक उद्यापासून त्याच्या गाडीत म्हातारी माणसे बसवत नाहीत. आणि बाबांच्या बाबतीत तर, पायाचे नाव काढले की ते सरळ गाडीखाली शिरतात आणि ग्रीस लावू लागतात.

मग मी वाचायला घेतले. धाकटा भाऊ बारावी विज्ञानला आहे. त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. दोन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात सुमारे पावणेतीन लाख जूल ऊर्जा असते. वेग ३० केला तर ती निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते. ही सारी ऊर्जा ब्रेकला उष्णता करून टाकावी लागते. "म्हणजे किती?" मी विचारले. तो म्हणाला, "एक लिटर पानी चहासाठी ठेवलं, तर जवळजवळ उकळायला येईल." हे एका वेळच्या थांबण्याचे. आणि तीच गाडी शंभर मीटर उंचीचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर असा एकेक लिटर सात वेळा. ड्रममध्ये ही उष्णता कोंडून राहते. ड्रम तापून फुगतो, पट्ट्यांपासून दूर जातो. पट्टेही फार तापले की त्यांची पकड सुटते. पाय खाली जातो आणि गाडी चालतच राहते. बाबांचा दुसऱ्या गिअरचा धर्म मला त्या पानावर प्रथम गणितात दिसला.

डिस्क ब्रेकमध्ये लोखंडाची तबकडी उघडी फिरते आणि दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. वारा लागतो, त्यामुळे ती लवकर निवते. पाणी लागले तरी फिरताना उडून जाते. गंमत अशी की ड्रम आणि डिस्क दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला आणि त्याच साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्कचे पेटंट घेतले. पण ड्रमचा संसार लगेच थाटला गेला आणि डिस्कला पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकची जॅग्वार पहिली आली, तेव्हा जगाचे लक्ष गेले. आमच्या जीपच्या घराण्यात २००० साली बोलेरो जन्मली, तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या. म्हणजे आमच्या जीपला लागणारी वस्तू तिच्याच धाकट्या बहिणीकडे होती.

आमगावला बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. वयस्कर, बोलायला तिखट. महाविद्यालय सुटल्यावर मी एक दिवस त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "काका, जुन्या कमांडरला बोलेरोच्या डिस्क लागतील का?" त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकांकडे पाहिले आणि विचारले, "कोनाची पोरगी तू?" नाव सांगितल्यावर त्यांनी स्टूल पुढे केले. मग मी जे पाहिले होते ते, हात गुडघ्यावर ठेवण्यासकट, सगळे सांगितले. मी ही गोष्ट घराबाहेर फक्त त्यांनाच सांगितली होती. (आता वार्षिकांकात छापून येईल तो भाग वेगळा. बाबा अंकातले फोटो पाहतात आणि क्रीडा विभागावर मिटतात.)

मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डिस्क लावान अन् बूस्टर नाई लावान, त पेडल गोटा होऊन जाईल. बापाचा पाय अजून मरंल."

हे मला कुठल्याही वाचनात इतके स्पष्ट कळले नव्हते. ड्रममध्ये फिरते चाक एका पट्ट्याला स्वतःच आत ओढून घेते. म्हणजे गाडीच पायाला थोडी मदत करते. डिस्कमध्ये ही मदत नाही. ती उष्णतेला चांगली, पण पायाकडून जास्त जोर मागते. तो जोर द्यायला बूस्टर लागतो. बूस्टर म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा पत्र्याचा गोल डबा, आत रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घ्यायची आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत सोडायची. बाहेरच्या हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो असतो. पडदा ताटाएवढा, म्हणजे बघा! आपल्या डोक्यावर आभाळाचे जे वजन आयुष्यभर असते आणि कधी जाणवत नाही, तेच पेडलच्या मागे येऊन उभे राहते. पण हवा ओढायची कोणी? पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवरच्या झडपेमुळे ओढ आपोआप मिळते. डिझेलच्या इंजिनात सहसा ती झडप नसते. म्हणून वेगळा पंप हवा, आणि तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला मिळतो. डिस्कसाठी बूस्टर, बूस्टरसाठी पंप, पंपासाठी अल्टरनेटर! लग्नात एका वऱ्हाड्याला बोलावले की त्याच्या मागे सगळे गाव येते तसा प्रकार.

त्यातच मास्टर सिलिंडरही बदलायचा. जुन्या सिलिंडरात ड्रमसाठी थोडा दाब कायम राखून ठेवणारी झडप असते; ती डिस्कला लावली तर पॅड कायम घासत राहतात. शिवाय जुना एकेरी होता, म्हणजे चारही चाकांची नळी एकच. कुठेही गळती झाली की चारही चाके मोकळी. नवा दुहेरी, पुढचे दोन गेले तरी मागचे दोन राहतात. हे ऐकताना मला सालेकसा स्टेशनावर थांबणारी मालगाडी आठवली. रेल्वेची रीत उलटी आहे. १८७२ मध्ये वेस्टिंगहाउस यांनी शोधलेल्या पद्धतीत नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला असतो, आणि नळी फुटली, डबे तुटले की तो आपोआप लागतो. रेल्वेत बिघाड झाला की गाडी थांबते. आमच्या जीपमध्ये बिघाड झाला की गाडी थांबत नाही. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेला जे सुचले ते आमच्या रस्त्यावर अजून पोचायचे आहे.

आता प्रश्न बाबांना सांगायचे कसे. मिस्त्रीकाकांनीच वाट काढली. माझे शिकाऊ लायसन्स निघाले होते. शाळेच्या मैदानावर मी जीप चालवून पाहिली होती. माझे वजन ४३ किलो. ब्रेक दाबायचा म्हणजे मला सीटवरून उठून पेडलवर उभे राहावे लागे. ही गोष्ट खरी होती आणि सगळ्यांनी पाहिलेली होती. मी रात्री जेवताना म्हणाले, "बाबा, मला गाडी शिकायची तर ब्रेक हलका करावा लागेल. माझ्या पायाने ती थांबत नाही."

"तुले कायले शिकाची? तू कॉलेजात जाऊन रायली ना?"

"बाजाराच्या दिवशी सुट्टी असली तर मी चालवीन. तुम्ही वजन-काटा पाहा."

बाबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबते त गाडी. चांगली थांबते." आणि थोड्या वेळाने, "किती लागंल?"

मिस्त्रींनी जुन्या, पण तपासलेल्या सुट्या भागांसह बावीस हजार सांगितले होते. पॅड, नळ्या, रबरी किट आणि ब्रेक ऑइल मात्र नवेच, त्यात काटकसर नाही असे त्यांनी बजावले होते. आमच्याकडे बावीस हजार ही रक्कम नुसती उच्चारली तरी घरातले भांडे वाजते. आईने बचत गटातून पंधरा हजार उचलले. उरलेल्या सातांसाठी भावाच्या सायकलचा बेत पुढे ढकलला गेला. त्यावरून तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी जूलचा नवा हिशेब घेऊन आला. बाबांनी दोन अटी घातल्या. आधी परिवहन कार्यालयात विचारायचे, आणि मागचे ड्रम काढायचे नाहीत. पहिली अट योग्यच होती. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितले आहे. तेथील साहेबांनी कागद पाहून 'कामाचे बिल जपून ठेवा आणि तपासणीला गाडी दाखवा' असे सांगितले. दुसरी अट मिस्त्रींना आवडली. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे ब्रेक अधिक ताकदीचे हवेत. मागचे जास्त धरले तर मागची चाके अडकून गाडी आडवी फिरते. शिवाय हँडब्रेक मागच्या ड्रमवरच असतो.

काम तीन दिवस चालले. शनिवार-रविवार मी तेथे होते. जॅक लावून, लाकडी ठोकळ्यांवर गाडी ठेवून चाके काढली तेव्हा जुन्या ड्रममधली काळी पूड दिसली. मिस्त्रींचा पोरगा ती फुंकणार तोच मी त्याला थांबवले. जुन्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात घर करते. आम्ही ती ओल्या फडक्याने पुसली. तो मुलगा हसला, पण त्याने तोंडाला रुमाल बांधला.

डावीकडच्या ओढीचे कारण त्या दिवशी सापडले. उजव्या पुढच्या चाकाचा सिलिंडर गंजून अडकला होता; म्हणजे कित्येक दिवस ती बाजू नुसती नावाला होती. मागच्या एका चाकात अॅक्सलचे सील गळून पट्टे तेलात भिजले होते. मिस्त्री बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या गाडीला जो थांबवत होता त्याच्या पायात दम होता म्हनावं." बाबांनी मान दुसरीकडे वळवली, पण मला त्यांचा चेहरा दिसला. वर्षभरात इतके बरे वाटलेला तो चेहरा मी पाहिला नव्हता. दोष पायाचा नव्हता, निदान सगळा नव्हता.

मला खरे सांगायचे आहे ते हवा काढण्याबद्दल. नळ्यांत तेल भरल्यावर त्यात हवेचे बुडबुडे राहतात. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर तसाच चाकापर्यंत जातो. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम तो हाच. हवा मात्र दाबली जाते, आणि तेवढा जोर ती खाऊन टाकते. म्हणून एक जण पेडलवर बसतो आणि दुसरा चाकाशी पडून निपल उघडतो. सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात. पेडलवर मला बसवले. खालून मिस्त्रींचा आवाज येई, "मार! मार! मार! धर!" मी तीनदा दाबून चौथ्यांदा धरून ठेवी; मग निपल उघडे, पाय हळूच तळाला जाई आणि नळीतून फुसफुसत बुडबुडे बाटलीत येत. "सोडू नको!" निपल बंद. "सोड!" पुन्हा मार, मार, मार, धर. आधी पेडल स्पंजासारखे होते. एकेक चाक झाले तसे ते वर येत गेले, कडक होत गेले, आणि शेवटच्या चाकाला माझ्या पायाखाली ठाम जमीन आली. बाबा बाजूला उभे राहून बाटलीत तेल कमी होऊ देत नव्हते. आम्ही तिघे तासभर फक्त या चार शब्दांत बोललो.

तेलाबद्दल एक सांगून ठेवते, कारण आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रेक ऑइल नावाने ऑइल असले तरी ते इंजिनच्या तेलासारखे नाही. त्याच्या जागी इंजिन ऑइल ओतले तर रबर फुगून सगळे निकामी होते. शिवाय ते हवेतले पाणी शोषते. 'डॉट ३' जातीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. उतारावर तापून ते उकळले की नळीत वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात दोन वर्षांनी ते बदललेले बरे.

इंजिन चालू केले. बूस्टरमध्ये ओढ भरली आणि पेडल पायाखाली अलगद थोडे खाली गेले. मिस्त्रींनी बाबांना चालवायला दिली. गाडीत मी, आई, भाऊ आणि चाचणीसाठी म्हणून भरलेली कांद्याची सहा पोती. पन्नास पावलांवर बाबांनी सवयीप्रमाणे, चाळीस वर्षांच्या जोराने, ब्रेक मारला. आम्ही सगळे काचेकडे गेलो. एका पोत्याचे तोंड सुटले आणि कांदे पुढच्या सीटखालून बाबांच्या पायांपर्यंत घरंगळत आले. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आई हसू लागली, आणि ती हसते तेव्हा तिला थांबवायला कुठलाच ब्रेक नाही.

नवे पॅड बसवायला पुढचे दोन दिवस आम्ही मोकळ्या रस्त्यावर गाडी पन्नासपर्यंत नेऊन वीसपर्यंत मंद करत होतो. पुन्हा न्यायची, पुन्हा मंद करायची, मध्ये निवू द्यायची. मिस्त्रींनी जाताना बजावले होते की इंजिन बंद पडले तर बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरतीच ओढ शिल्लक राहते, मग पेडल पुन्हा गोटा. म्हणून उतारावर चावी फिरवायची नाही. बाबा म्हणाले, "मी कधी फिरवली?" ते खरेच होते.

गल्लीत आता बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला बोनेट उघडून तो पत्र्याचा डबा दाखवतात. "पोरीसाठी लावला. तिच्या पायात जोर नाई ना!" मी शेजारी उभी राहून मान हलवते. परवा गल्लीतल्या भोंगेवाल्या मुलांपैकी एक जण मिस्त्रींचा पत्ता विचारून गेला.

बाजाराच्या दिवशी सुट्टी असली की आता मी चालवते. दरेकसाच्या उताराच्या तोंडाशी बाबा डावीकडून म्हणतात, "दुसरा." मी दुसरा टाकते, ब्रेक नवा आला म्हणून हा धर्म बदललेला नाही. वळण आले, पुढे गुरे दिसली की मी अंगठ्याच्या जोराने पेडल दाबते आणि गाडी सरळ रेषेत मंदावते. त्याच वेळी डावीकडे खाली पत्र्यावर चपलेचा आवाज होतो. त्या बाजूला पेडल नाही. पण बाबांचा उजवा पाय तेथे पत्रा दाबत असतो, आणि हात गुडघ्यावर नसतो, खिडकीबाहेर असतो, गुरे राखणाऱ्या पोराला बाजूला हो म्हणून सांगत.